'हरण्या' शोधलं तर 'मोझॅक' का सापडत नाही?

माझी भाची जळगावला, विद्यापीठात एम.एस्सी. करते. घर रावेरकडचं, केळीवाल्यांचं. प्रकल्पाचा विषयही घरातलाच : केळीवरचा हरण्या रोग. परवा वैतागून म्हणाली, "मामा, दोन तास झाले, औषधांच्या जाहिराती आणि बातम्यांपुढे काही सरकतच नाही." मोबाईलवर तिनं लिहिलं होतं, 'केळीवरील हरण्या रोगाची माहिती'.

सगळ्यात वर येतं तेच सगळ्यात खरं, असं पुष्कळ विद्यार्थी धरून चालतात. पण गूगलसारखं शोधयंत्र मुळात शब्द जुळवतं, आणि ते कसं जुळवतं हे फार सुंदर आहे.

आपण विचारल्यावर ते पानं वाचायला बसत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची त्यानं आधीच करून ठेवलेली असते : अमुक शब्द, तमुक पानांवर. मग कुठल्या शब्दाला किती मान द्यायचा? १९७२ साली केंब्रिजच्या संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी उत्तर दिलं : शब्द जितका दुर्मीळ, तितका वजनदार. एकूण पानांना तो शब्द असलेल्या पानांनी भागायचं आणि त्याचा लॉग घ्यायचा, म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते पाहायचं. समजा, १० लाख पानं आहेत. 'माहिती' हा शब्द त्यातल्या ५ लाख पानांवर आहे. भागाकार २, लॉग सुमारे ०.३. 'मोझॅक', हरण्याच्या शास्त्रीय नावातला शब्द, फक्त १,००० पानांवर. भागाकार १,०००, लॉग ३. म्हणजे एकटा 'मोझॅक' दहा 'माहिती'ंना भारी!

आता भाचीची अडचण पाहा. 'हरण्या' हा शब्दही दुर्मीळच, पण तो आपल्या शिवारातला. शोधनिबंधात तोच रोग येतो त्याच्या विषाणूच्या नावानं : 'कुकुंबर मोझॅक व्हायरस'. सूचीत हे दोन शब्द एकमेकांना ओळखत नाहीत. आजची मोठी शोधयंत्रं अर्थाचाही अंदाज घेतात, तरी मराठी बोलीतल्या शब्दाशी ती अजून अडखळतात.

गप्पा मारणारं एआय विचारलं की काम झालं, हा सध्याचा गाजावाजा मला धोक्याचा वाटतो. ते कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ बिनदिक्कत देतं. आणि 'एका फवारणीत हरण्या बरा' असे फॉरवर्ड तर सरळ पुसून टाका. विषाणू शिरलेलं केळीचं झाड बरं करणारी फवारणी नाही, ते उपटून नष्टच करावं लागतं.

भाचीला विषाणूचं शास्त्रीय नाव इंग्रजीत लिहून दिलं आणि शोधगंगेवर बसवलं. देशभरातल्या पीएचडीचे प्रबंध तिथे कुणालाही फुकट वाचता येतात. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या योजनेमुळे सरकारी विद्यापीठांना सुमारे १३,००० नियतकालिकं खुली झाली आहेत. ग्रंथालयात जाऊन विचार, असं तिला बजावलं.

तासाभरानं ती वाचत होती : हा विषाणू मावा नावाची कीड पसरवते, आणि काकडीवर्गीय वेलांवर तो तग धरतो. वाचता वाचता थांबली आणि घरी फोन लावला. "पप्पा, बांधावरचे गिलक्याचे वेल अजून आहेत का?"