वन्यजीवसंख्येचा दीर्घकालीन अभ्यास

एखाद्या प्रदेशात राहणाऱ्या एकाच जातीच्या प्राण्यांच्या समूहाला समष्टी म्हणतात. वन्य प्राण्यांची समष्टी का वाढते, का घटते आणि हवामान, अन्न, रोग, भक्षक किंवा माणसाचा वावर बदलला की तिचे काय होते, याचा शोध समष्टी परिस्थितिविज्ञान ही शाखा घेते. हिशेब चारच बाबींचा असतो : जन्म, मृत्यू, बाहेरून येणारे आणि बाहेर जाणारे. पण रानात या चारांपैकी एकही बाब सहजी दिसत नाही, आणि एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवताही येत नाही. दुष्काळी वर्षात संख्या निम्म्यावर आली तर तो नेहमीचा चढउतार की कायमची घसरण, हे मागची वीस-तीस वर्षे माहीत असल्याशिवाय सांगता येत नाही. म्हणून या शाखेतले सर्वांत मोलाचे ज्ञान एकाच जागी, एकाच पद्धतीने, दशकानुदशके ठेवलेल्या नोंदींतून आले आहे.

शाखेचा पाया घालणाऱ्यांत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन अग्रभागी आहेत. कॅनडातील हडसन बे कंपनीच्या कातड्यांच्या व्यापाराच्या जुन्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या. लिंक्स या रानमांजराची संख्या साधारण दर दहा वर्षांनी चढते आणि कोसळते, आणि त्याचे मुख्य भक्ष्य असलेल्या हिमसशांचेही तसेच होते, हे त्यांतून दिसून आले. निसर्गात प्राण्यांची संख्या स्थिर राहते, या समजुतीला त्यामुळे मोठा धक्का बसला. १९३२ मध्ये एल्टन यांनी ऑक्सफर्डमध्ये प्राणिसंख्येच्या अभ्यासासाठी स्वतंत्र केंद्र उभारले.

ऑक्सफर्डजवळच्याच वायथम वुड्स या जंगलात डेव्हिड लॅक यांनी १९४७ मध्ये ग्रेट टिट या लहान पक्ष्याचा अभ्यास सुरू केला. झाडांवर लाकडी पेट्या टांगायच्या, त्यांत घरटे करणाऱ्या मादीने पहिले अंडे कधी घातले, एकूण किती घातली, किती पिल्ले उडाली हे टिपायचे आणि पिल्लांच्या पायांत क्रमांकाची कडी घालायची, असे हे काम आजही चालू आहे. पक्ष्यांची संख्या आटोक्यात कशाने राहते, हा लॅक यांचा प्रश्न होता. हवामानबदलाशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे वसंत ऋतू लवकर उबदार होऊ लागला आणि याच नोंदींचे मोल कितीतरी पटींनी वाढले. १९६० च्या दशकाच्या तुलनेत या माद्या आता सुमारे दोन आठवडे आधी अंडी घालतात, कारण पिल्लांचे खाद्य असलेल्या ओक वृक्षांवरच्या अळ्याही लवकर येतात. हा बदल मुख्यतः प्रत्येक मादीने त्या त्या वर्षीच्या उबेनुसार आपली वेळ सरकवल्यामुळे झाला. एकेक पक्षी ओळखता येत नसता, तर हे कळलेच नसते.

नेदरलँड्समधल्या होख वेल्युवे येथील ग्रेट टिटना मात्र अळ्यांच्या हंगामाशी इतका नेमका मेळ राखता आला नाही. पाइड फ्लायकॅचर या पक्ष्याची अडचण आणखी मोठी आहे. तो हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. तेथून निघण्याची वेळ तो मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरवतो आणि युरोपात वसंत लवकर आला आहे, याची त्याला तिथे खबर नसते. ज्या डच जंगलांत अळ्यांचा बहर सर्वांत आधी ओसरतो, तेथे दोन दशकांत त्याची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. जंगल तोडलेले नाही, शिकार होत नाही, अन्नही आहे. फक्त वेळ चुकते.

उष्णतेचा परिणाम नेहमी अपेक्षित दिशेने होतो असेही नाही. स्कॉटलंडच्या पश्चिमेस सेंट किल्डा द्वीपसमूहातील हर्टा बेटावरची सोये मेंढरे १९८५ पासून एकेक करून ओळखली आणि वजन केली जातात. त्यांना कोणी चारा घालत नाही की मारत नाही. कडक हिवाळ्यात धष्टपुष्ट जनावरे तगतात, म्हणून मेंढरे मोठी होत जावीत असा अंदाज होता. ती लहान होत गेली. हिवाळे सौम्य झाल्याने पूर्वी मेली असती अशी हळू वाढणारी कोकरेही जगू लागली, हे त्याचे एक मुख्य कारण. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या डोंगरांत १९६२ पासून अभ्यासल्या जाणाऱ्या मार्मोटांची (हिवाळाभर बिळात झोपून राहणाऱ्या खारीच्या कुळातील प्राण्यांची) संख्या उन्हाळा लांबल्याने वाढली. लवकर जागे होऊन ते अधिक चरबी साठवू लागले. नंतरच्या विश्लेषणात मात्र उन्हाळ्यातले त्यांचे जगण्याचे प्रमाण वाढत असताना हिवाळ्यातले घटत असल्याचे दिसले. अभ्यास दहा वर्षे आधी थांबला असता तर अर्धीच गोष्ट हाती लागली असती.

उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातील आयल रॉयल बेटावर लांडगे आणि त्यांचे भक्ष्य असलेले मूस हे मोठे हरिण यांची गणना १९५८ पासून हिवाळ्यात लहान विमानातून होते. १९८० मध्ये तेथे ५० लांडगे होते. मग कुत्र्यांच्या पार्व्हो विषाणूने ते दोनच वर्षांत १४ वर आले. पूर्वी सरोवर गोठले की मुख्य भूमीवरून क्वचित एखादा लांडगा बर्फावरून येई आणि त्याच्यासोबत नवे रक्त येई. गोठण्याची वर्षे विरळ झाली, आंतरप्रजनन (जवळच्या नातलगांतले प्रजनन) वाढले आणि २०१६ पर्यंत दोनच लांडगे उरले. मूस मात्र पुढे दोन हजारांवर गेले. २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. तापमानाने येथे एकाही लांडग्याला थेट मारले नाही; त्याने फक्त वाट बंद केली.

पद्धती : प्रत्येक प्राणी मोजणे जवळपास अशक्य असल्याने अंदाज बांधावा लागतो. सर्वांत जुनी रीत खूण करून पुन्हा पकडण्याची. १०० प्राणी पकडून, खूण करून सोडले आणि नंतर पकडलेल्या ८० पैकी २० खुणेचे निघाले, तर एकूण संख्या सुमारे ४०० धरतात. खूण पुसली जाऊ नये, एकदा पकडलेला प्राणी पिंजऱ्याला बिचकू नये, मधल्या काळात ये-जा होऊ नये, या अटी पाळणेच खरे कठीण असते. डेन्मार्कचे सी. जी. जे. पीटरसन यांनी माशांसाठी आणि अमेरिकेचे फ्रेडरिक लिंकन यांनी बदकांसाठी ही कल्पना वापरली. पट्टे किंवा ठिपके असलेल्या प्राण्यांत खूण जन्मजात असते. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत कॅमेरा ट्रॅपच्या (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या) छायाचित्रांतून वाघांसाठी हीच पद्धत वापरली. पावलांच्या ठशांवरून होणाऱ्या पूर्वीच्या गणनेत न दिसलेल्या प्राण्यांचा हिशेबच नव्हता. राजस्थानातल्या सारिस्कात एकही वाघ उरला नसल्याचे २००५ मध्ये उघड झाल्यावर ती मागे पडली.

खूण प्राण्याला जाचक ठरू शकते, आणि ही बाब दयेपुरती मर्यादित नाही. दक्षिण हिंदी महासागरातल्या क्रोझे बेटांवरील किंग पेंग्विनांच्या पंखांना लावलेल्या धातूच्या पट्ट्यांमुळे दहा वर्षांत त्यांचे जगण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी आणि पिल्ले ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०११ मध्ये दाखवण्यात आले. पट्टा लावलेल्या पेंग्विनांवरून काढलेले हवामानबदलाचे निष्कर्षही त्यामुळे संशयास्पद ठरले.

मर्यादा : संशोधनाचे अनुदान बहुधा तीन ते पाच वर्षांसाठी मिळते, प्राण्यांची आयुष्ये त्यात बसत नाहीत. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर पक्षीशास्त्रज्ञ चँडलर रॉबिन्स यांनी १९५६ मध्ये कडी घातलेली लेसन अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याची मादी त्यांना २००२ मध्ये पुन्हा हाती लागली आणि त्यानंतरही ती पिल्ले वाढवत राहिली. जागतिक आकडे वाचतानाही सावधपणा हवा. जगभरच्या वन्य प्राण्यांच्या संख्येचा कल दाखवणाऱ्या लिव्हिंग प्लॅनेट निर्देशांकातील ७३ टक्के घट (१९७०-२०२०) म्हणजे जगातले ७३ टक्के प्राणी नाहीसे झाले, असे नव्हे. ती निरीक्षणाखालील पृष्ठवंशीय समष्टींतील सापेक्ष बदलाची सरासरी आहे. वृत्तपत्रांत हा फरक वारंवार हरवतो आणि खऱ्या संकटाबद्दलही अविश्वास निर्माण होतो.

उपग्रहांनी मोजणीचा आवाका वाढवला आहे. अंटार्क्टिकातील एम्परर पेंग्विनांच्या वसाहती बर्फावरच्या विष्ठेच्या डागांवरून शोधल्या जातात. २०२२ मध्ये समुद्रबर्फ लवकर फुटल्याने बेलिंग्सहाउसेन समुद्रातील पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचले नाही, हे अशाच चित्रांतून कळले. त्यांतले प्रौढ पक्षी मेले, दुसरीकडे गेले की पुढच्या वर्षी परततील, हे त्या चित्रांतून कळत नाही. अंटार्क्टिकातल्याच आदेली लँड येथे १९७० च्या दशकाच्या अखेरीस हीच जात निम्म्यावर आली, तेव्हा प्रौढ पक्षी जास्त मरत होते हे सांगता आले. तेथे १९५० च्या दशकापासून जमिनीवर मोजणी होत होती आणि पक्ष्यांवर खुणा होत्या.