मंत्रचळ आणि मेंदूतली तार

कुलूप लागलंय, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आपणच लावलं, ओढून पाहिलं, हेही आठवतं. तरी अर्धा जिना उतरून तो परत वर जातो. एकदा, पाचदा, वीसदा. मराठीत याला 'मंत्रचळ' असा जुना शब्द आहे; हल्ली सगळे ओसीडीच (ऑब्सेसिव्ह-कंपल्सिव्ह डिसऑर्डर) म्हणतात. या आजारात माहिती कमी पडत नाही, 'झालं एकदाचं' ही भावना येत नाही. म्हणून घरच्यांनी शंभरदा समजावून काही होत नाही. (टेबल नीटनेटकं ठेवणारी माणसं 'मला जरा ओसीडी आहे' असं कौतुकानं सांगतात, तेव्हा मला कसंसंच होतं.)

'काहीतरी चुकलंय' ही सूचना मेंदूत एका फेऱ्यातून फिरते: डोळ्यांच्या वरचा, कपाळामागचा भाग, तिथून खोल आतला स्ट्रायटम, मग थॅलॅमस आणि पुन्हा कपाळामागे. एरवी काम झालं की सूचना विरते. ओसीडीत हा फेरा गरजेपेक्षा जास्त चालू दिसतो. औषधं आणि वर्तनोपचार यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. वर्तनोपचार म्हणजे ज्याची धास्ती त्याला हात लावायचा आणि नंतर हात धुवायचे नाहीत. ऐकायला सोपं, करायला भयंकर. काहींना मात्र वर्षानुवर्षं कशाचाच गुण येत नाही. अशांच्या मेंदूतले या फेऱ्याचे काही धागे शल्यविशारद पूर्वी जाळत. जाळलेलं परत जोडता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

वाट सापडली ती थरथरणाऱ्या हातांमुळे. फ्रान्समधल्या ग्रनोबलला 1987 मध्ये मेंदूचे शल्यविशारद आलिम-लुई बेनाबिद कंपाच्या रुग्णावर शस्त्रक्रिया करत होते. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विजेनं तपासायची पद्धत होती. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंद दिले की नुसत्या विजेनंच कंप थांबतो, असं त्यांना दिसलं. मग जाळायचं कशाला? तारच आत राहू द्यावी!

बेल्जियममधल्या लूव्हेनच्या बार्ट नटिन आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये ओसीडीसाठी तेच केल्याचं प्रसिद्ध केलं. पूर्वी धागे जिथे जाळत, तिथेच त्यांनी तारा बसवल्या. पॅरिसमध्ये तर हे अनपेक्षितपणे घडलं. पार्किन्सनसाठी तारा बसवलेल्या दोन रुग्णांचा जुना मंत्रचळही ओसरल्याची नोंद 2002 मध्ये झाली. तिथे तारेची जागा वेगळी होती, पण फेरा तोच.

तार जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची. कातडीखालून ती छातीतल्या, पेसमेकरसारख्या यंत्रापर्यंत जाते. वीज सुरू केल्यावर सगळं एकदम बदलत नाही, आणि या उपचारातलं मला सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. आधी मूड उजळतो. कधी कधी तर शस्त्रक्रियेच्या टेबलावरच रुग्णाच्या चेहऱ्यावर हसू उमटतं. मग धास्ती उतरते, विचारांची पकड सैल व्हायला आणखी वेळ लागतो. कृती सगळ्यात चिवट. वर्षानुवर्षं हात धुतलेल्या माणसाला न धुण्याची सवय नव्यानं लावावी लागते, आणि ते तार करत नाही. अ‍ॅमस्टरडॅमच्या 2010 मधल्या अभ्यासात 16 पैकी 9 जणांना चांगला गुण आला. तिथे मूड सुधारल्यावर वर्तनोपचार जोडले होते. पूर्वी जे सोसवत नव्हते, ते उपचार आता सोसवतात.

आजाराची तीव्रता 0 ते 40 गुणांच्या मापावर मोजतात. त्यात 35 टक्के घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात, आणि सुमारे दोन तृतीयांश रुग्ण तिथवर पोचतात. म्हणजे 34 वरून 20 वर आलेला माणूस कागदावर अजून आजारीच असतो. पण तो घराबाहेर पडू शकतो. तरी हा शेवटचाच पर्याय. अमेरिकेनं 2009 मध्ये परवानगी दिली तीही मोजक्या रुग्णांपुरती, मानवतेच्या भूमिकेतून दिल्या जाणाऱ्या खास सवलतीखाली. रक्तस्राव, जंतुसंसर्ग यांचा धोका असतो. वीज जास्त झाली तर माणूस अवाजवी उत्साहात वाहवत जातो. बॅटरी संपली तर लक्षणं परततात.

आणि एक गंमत. गाण्यांचं फारसं वेड नसलेल्या एका डच रुग्णाला तारा बसवल्यानंतर एका अमेरिकी गायकाचा असा नाद लागला, की दुसरं काही तो ऐकेना. यंत्र बंद पडलं की तो पुन्हा आपल्या जुन्या आवडीच्या गाण्यांकडे वळायचा. डॉक्टरांनी 2014 मध्ये याची रीतसर नोंद केली.