लेन्स कोणती बसवायची? मोतीबिंदूच्या भिंगामागचा इतिहास

शरणपूर रोड, कॉलेज रोड, नाशिक रोड, कुठल्याही डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदू असल्याचं ठरलं की थोड्या वेळात एक छापील कागद पुढे येतो. साधी लेन्स, फोल्डेबल, टोरिक, मल्टिफोकल, ट्रायफोकल. देशी, इम्पोर्टेड. प्रत्येकीपुढे पॅकेजचा आकडा. पेशंटच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घातलेले असतात, त्यामुळे त्याला स्वतःला तो कागद वाचता येत नाही. मुलगा नावं वाचतो, सून आकडे बघते, आणि शेवटी डॉक्टरांना सांगितलं जातं, "पैशाचं बघू नका, चांगल्यातली टाका."

त्या बोलण्यात आईवडिलांविषयीची माया असते. पण सगळ्यांसाठी चांगली अशी एकच लेन्स अजून कुणाला बनवता आलेली नाही. प्रत्येक लेन्स काही देते आणि त्याबदली काही मागून घेते. हे असं का, ते कळायचं तर थोडं मागं जावं लागतं.

मोतीबिंदूवरच्या सगळ्यात जुन्या उपायांपैकी एक आपल्याच देशातला. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाकेनं गढूळ भिंग बाजूला सारण्याची क्रिया सांगितली आहे. भिंग डोळ्यातच राहायचं, फक्त बाहुलीसमोरून हटायचं. भिंग बाहेर काढण्याची पद्धत फ्रान्सच्या जाक दाविएल यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर रूढ केली. पुढची दोनशे वर्षं शस्त्रक्रिया सुधारत गेली, पण एक गोष्ट तशीच राहिली. भिंग काढायचं आणि ती जागा रिकामी ठेवायची.

त्या रिकाम्या जागेची किंमत ज्यांनी मोजली ते लोक आपल्या घरांत होते. माझ्या पंचवटीतल्या आजीचा चष्मा मला नीट आठवतो. काळी जाड फ्रेम, मागे सुतळीनं बांधलेली, आणि सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा. भिंग काढलेल्या डोळ्याला साधारण +10 चा नंबर लागायचा. त्या काचेतून प्रत्येक वस्तू पाव हिश्श्यानं मोठी आणि तेवढीच जवळ आलेली दिसायची. दाराची चौकट वाकलेली दिसे. पेल्यात पाणी ओतताना धार पेल्याच्या अलीकडेच पडे. नजरेच्या कडेला एक आंधळं कडं असायचं. रस्त्यात समोरून येणारा माणूस त्या कड्यात नाहीसा व्हायचा आणि एकदम पुढ्यात उभा राहायचा. सरदार चौकातून भाजीबाजारापर्यंत ती एकटी जायला तयार नसे. आम्हाला वाटायचं वय झालं. वयापेक्षा तो चष्माच जास्त कारण होता, हे मला फार उशिरा कळलं.

एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर अडचण आणखी मोठी. एका डोळ्याला वस्तू मोठी, दुसऱ्याला नेहमीएवढी. दोन्ही चित्रं मेंदूत जुळायचीच नाहीत. म्हणून तेव्हाचे डॉक्टर सांगत, दोन्ही डोळ्यांचं पुरतं जाऊ द्या, मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू. त्या काळात हा सल्ला योग्यच होता, कारण ऑपरेशननंतरची नजर अर्धवट पिकलेल्या मोतीबिंदूपेक्षा फारशी सुखाची नसायची. ती पद्धत गेली, सल्ला मात्र घराघरांत उरला. निफाड-दिंडोरीकडे आजही कुणी म्हातारा म्हणतो, "पिकला नाही अजून, एवढा द्राक्षाचा हंगाम जाऊ द्या." आजच्या पद्धतीत थांबण्यानं नुकसानच होतं. भिंग जितकं कडक होईल तितकी ते फोडायला ताकद जास्त लागते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या नाजूक पेशी तितक्या जास्त मरतात. अतिपिकलेल्या मोतीबिंदूनं डोळ्याचा दाब चढून डोळा लाल होतो, ठणकतो, कधी कायमचा जातो.

रिकाम्या जागी काहीतरी बसवावं, ही कल्पना आली दुसऱ्या महायुद्धातून. ऑगस्ट 1940 मध्ये ब्रिटिश हवाई दलाच्या गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेन विमानाचं छत गोळ्यांनी फुटलं आणि त्याचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. छत काचेचं नव्हतं, पर्स्पेक्स नावाच्या ॲक्रिलिक प्लास्टिकचं होतं. लंडनचे नेत्रतज्ज्ञ हॅरोल्ड रिडली यांनी असे जखमी वैमानिक तपासले, आणि त्यांना दिसलं की धारदार कड टोचत नसेल तर हे कण डोळ्यात वर्षानुवर्षं निमूट पडून राहतात. शरीर त्यांना परकं मानत नाही. आपल्या ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना 1964 साली स्थापन झाला. त्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या कितीतरी नाशिककरांच्या डोळ्यात आज बसलेल्या लेन्सचं मूळ लढाऊ विमानाच्या छतात आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

पुढे ऑपरेशन बघायला आलेल्या स्टीव्ह पॅरी नावाच्या विद्यार्थ्यानं रिडलींना विचारलं, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का नाही बसवत? 29 नोव्हेंबर 1949 रोजी सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये एका 45 वर्षांच्या बाईंच्या डोळ्यात रिडलींनी पहिली कृत्रिम लेन्स ठेवली. लेन्स डोळ्यात टिकली, पण बाईंना जवळजवळ -18 चा चष्मा लागला. रिडलींनी नैसर्गिक भिंगाची गोलाई जशीच्या तशी घेतली होती, आणि पर्स्पेक्स प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा जास्त वाकवतं. त्या काळच्या बड्या नेत्रतज्ज्ञांनी, विशेषतः सर स्टुअर्ट ड्यूक-एल्डर यांनी, या प्रकाराला कडाडून विरोध केला. डोळ्यातून वस्तू काढायची असते, घालायची नसते, असा तेव्हाचा रिवाज होता. विरोधाला आधारही होता, कारण त्या जड लेन्सा जागेवरून सरकत, डोळ्यात सूज येई. लेन्सला दोन वाकड्या, लवचिक दांड्या लावून ती मागच्या बाजूला स्थिर बसवण्याची स्टीव्हन शिअरिंग यांची रचना 1977 साली आली, तेव्हा कुठे लेन्स भरवशाची झाली. अमेरिकेत तिला मान्यता मिळाली 1981 मध्ये. रिडलींना सर हा किताब मिळाला 2000 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी.

-18 च्या त्या चुकीवरचा उपाय म्हणजे आजचं लेन्सचं माप. ऑपरेशनआधी हनुवटी टेकवून मशीनमध्ये बघायला लावतात ते याचसाठी. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोलाई आणि डोळ्याची लांबी मोजून सूत्रानं पॉवर काढतात. डोळ्याची लांबी 1 मिलिमीटरनं चुकली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं हुकतो. लोक कंपनी आणि देश विचारतात. माप कोणत्या मशीनवर, कसं घेतलं, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते कागदावर नसलेला हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा.

भारतात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला, पण बरीच वर्षं शिबिरांतून भिंग काढणं आणि जाड चष्मा देणं एवढंच होत राहिलं. लेन्स परदेशी, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं 1992 मध्ये ऑरोलॅब काढून इथेच लेन्सा बनवायला घेतल्या आणि किंमत कित्येक पटींनी खाली आली. 1994 पासून जागतिक बँकेच्या मदतीनं सात राज्यांत मोठी मोहीम चालली, त्यात महाराष्ट्र होता. 1994 मध्ये देशातल्या मोतीबिंदूच्या शंभर ऑपरेशनांपैकी पाचातही लेन्स बसत नव्हती. 2011-12 पर्यंत पंच्याण्णवच्या आसपास बसायला लागली. सरकारी दवाखान्यात मोफत बसणारी साधी लेन्स ही या कष्टांची कमाई आहे. तिला कमी लेखणाऱ्यांनी जाड चष्म्यांचे दिवस आठवावेत.

दरम्यान अमेरिकेत चार्ल्स केलमन यांना दंतवैद्याच्या खुर्चीत, दात साफ करणाऱ्या कंपन-यंत्रावरून कल्पना सुचली. 1967 साली त्यांनी तशाच सुईनं भिंगाचा भुगा करून छोट्या छिद्रातून ओढून घेतलं. हीच फेको. आपल्याकडे सरसकट "लेझरनं केलं" म्हणतात, पण काम करतात ती सेकंदाला सुमारे 40,000 वेळा हलणाऱ्या टोकाची कंपनं. छिद्र 3 मिलिमीटरचं आणि कडक लेन्स 6 मिलिमीटरची, म्हणून छिद्र परत वाढवावं लागे. 1984 मध्ये थॉमस मॅझोको यांची घडी होणारी सिलिकॉनची लेन्स आली आणि ती अडचण सुटली. आता मऊ ॲक्रिलिकची लेन्स गुंडाळून नळीतून आत सोडतात आणि ती नैसर्गिक भिंगाच्या रिकाम्या पिशवीत हळूहळू उलगडते. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवरून येणाऱ्या माणसाचा पांढरा, दगडासारखा मोतीबिंदू असेल तर थोडा मोठा पण बिनटाक्याचा छेद घेऊन ऑपरेशन करणं अनेकदा जास्त सुरक्षित असतं. ते हलकं काम समजू नये.

एवढं झाल्यावर एकच उणीव उरली. तरुण डोळ्याचं भिंग जवळ-लांब बघताना आकार बदलतं. प्लास्टिकचं बदलत नाही. साधी, म्हणजे मोनोफोकल, लेन्स एकाच अंतरावर स्वच्छ दाखवते. बहुतेक जण लांबचं निवडतात आणि वाचायला चष्मा लावतात. 1980 च्या दशकाच्या अखेरीस मल्टिफोकल आली. तिच्यावर बारीक गोल कडी असतात, ती प्रकाश वाटून काही लांबसाठी, काही जवळसाठी देतात. प्रकाश वाटला गेला की प्रत्येक वाट्याला कमी येतो. म्हणून अंधूक उजेडात ठळकपणा घटतो आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. टोरिक लेन्स बुबुळाच्या वाकडेपणाचा सिलिंडर नंबर घालवते, पण ती ठरल्या कोनातच राहायला हवी. एका अंशानं फिरली तर साधारण 3 टक्के फायदा जातो, 30 अंश फिरली तर सगळाच.

म्हणून दवाखान्यात जाण्याआधी घरी बसून आपला दिवस मांडावा. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात माल पोचवायला पहाटे अंधारात गाडी काढणाऱ्याला, कसारा घाट रात्री उतरणाऱ्याला समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांची वलयं परवडणार नाहीत; त्याला मोनोफोकल बरी. नोटप्रेसमधून निवृत्त झालेल्या, आयुष्यभर बारीक छपाई तपासलेल्या माणसाला थोडीही धूसर अक्षरं छळतात. त्यानं चष्मा लावून का होईना, स्वच्छ दिसणंच निवडावं. चष्म्याचा मनापासून कंटाळा असलेल्या, रात्री गाडी न चालवणाऱ्या, डोळ्याच्या आतला पडदा, म्हणजे रेटिना, निरोगी असलेल्या बाईला मल्टिफोकल आनंद देऊ शकते. मधुमेहानं पडदा बिघडला असेल किंवा काचबिंदू असेल तर मल्टिफोकलच्या वाटेला सहसा जाऊ नये. पॉलिसी असेल तर मोतीबिंदूवर किती मर्यादा आहे आणि मल्टिफोकलचा खर्च धरतात का, हेही आधीच विचारून घ्यावं.

ऑपरेशननंतरचं जगणं बहुतेकांना सोपं जातं. पहिल्या काही दिवसांत निळा रंग लख्ख वाटतो, कारण पिवळट पडलेलं भिंग निघालेलं असतं. थेंब चार ते सहा आठवडे, ठरल्या वेळेला. डोळ्यात नळाचं पाणी जाऊ द्यायचं नाही आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत रामकुंडावर डुबकी नाही, कितीही मोठी पर्वणी असली तरी. वाचायचा चष्मा साधारण महिन्यानं, नंबर स्थिरावल्यावर करावा. डोळा दुखून लाल झाला किंवा नजर एकदम कमी झाली तर सकाळपर्यंत थांबू नये.

काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धुरकट दिसू लागलं तर घरचे घाबरतात, लेन्स खराब झाली म्हणतात. लेन्स सहसा खराब होत नाही, मोतीबिंदूही परत येत नाही. बहुतेक वेळा लेन्स ज्या पिशवीत बसवली तिचा मागचा पडदा धूसर झालेला असतो. याग लेझरनं त्यात बाहेरूनच खिडकी पाडतात, काही मिनिटांचं काम. इथे मात्र खरोखर लेझर वापरतात.

डिस्चार्जच्या कागदावर एक छोटं स्टिकर चिकटवलेलं असतं. त्यावर लेन्सचं नाव, +21.5 अशी पॉवर आणि अनुक्रमांक छापलेला असतो. त्याचा फोटो काढून मुलांच्या फोनवर ठेवावा आणि मूळ कागद आधारकार्डाशेजारी. दुसऱ्या डोळ्याची लेन्स ठरवताना डॉक्टर सगळ्यात आधी तेच मागतात.