शरणपुरे

हातून नकळत मनुष्यहत्या घडलेल्या माणसाला मृताच्या नातलगांच्या सूडापासून संरक्षण मिळावे म्हणून बायबलच्या जुन्या करारात नेमून दिलेली सहा नगरे. त्यांचा उल्लेख ‘आश्रयनगरे’ असाही होतो. यार्देन नदीच्या पश्चिमेस केदेश, शखेम व हेब्रोन आणि पूर्वेस बेसेर, रामोथ-गिलाद व गोलान अशी ही नगरे असून ती लेवी वंशाच्या (पूजाकार्य सांभाळणाऱ्या वंशाच्या) 48 नगरांतच मोडत. यासंबंधीचे नियम जुन्या करारातील गणना (35), अनुवाद (4 व 19) आणि यहोशवा (20) या ग्रंथांच्या अध्यायांत आले आहेत. त्यांचे बीज निर्गम या ग्रंथात (21:12–14) आढळते.

प्राचीन इस्राएलात खुनाचा बदला घेणे हा मृताच्या जवळच्या नातलगाचा हक्क होता, किंबहुना ते त्याचे कर्तव्यच होते. शरणपुरांच्या नियमाने हा हक्क मोडीत निघाला नाही. त्याला चाप बसला. अनुवाद या ग्रंथातील उदाहरण बोलके आहे. दोघे जण रानात लाकडे तोडायला जातात, घाव घालताना कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटते आणि सोबत्याचा जीव जातो. संतापाने पेटलेल्या नातलगाने गाठण्याआधी अशा माणसाला शरणपूर जवळ करता यावे म्हणून देशाचे तीन भाग करून रस्ते तयार ठेवावेत, असे तेथे सांगितले आहे. आश्रयासाठी आलेल्याने वेशीत उभे राहून वडीलजनांपुढे आपली हकिगत मांडायची आणि पुढे मंडळीने निवाडा करायचा. वैरभाव, दबा धरणे, लोखंडी हत्यार किंवा जीव घेण्याजोगा दगड वा सोटा यांवरून खून ठरे. खुन्याला त्याच्या गावचे वडील शरणपुरातून आणवून सूड घेणाऱ्याच्या हवाली करत. एकाच साक्षीदाराच्या शब्दावर देहदंड देता येत नसे. परदेशीयांना व उपऱ्यांनाही हाच नियम लागू होता.

मात्र खुनाच्या आरोपातून सुटलेला माणूसही घरी परतू शकत नसे. मुख्य याजकाच्या मृत्यूपर्यंत त्याला शरणपुरातच राहावे लागे. हद्दीबाहेर सापडल्यास त्याला मारणाऱ्यावर रक्तपाताचा दोष येत नसे. पैसे भरून सुटण्याची वाटही बंद होती. बाबिलोनचा राजा हामुराबी याच्या कायदेसंहितेत मारामारीत नकळत मृत्यू घडवणाऱ्याने शपथ घेऊन ठरावीक चांदी दिली की प्रकरण मिटे. गणना 35 मध्ये खंडणी खुन्याला तर नाहीच, शरणपुरात आलेल्यालाही नाही. सांडलेल्या रक्ताने भूमी विटाळते आणि त्या विटाळाला किंमत लावता येत नाही, ही त्यामागची धारणा. म्हणूनच याजकाचा मृत्यू म्हणजे सत्तांतराच्या वेळची सार्वत्रिक माफी, या जुन्या स्पष्टीकरणापेक्षा तो मृत्यूच प्रायश्चित्ताच्या जागी धरला जाई, हे बायबलचे अभ्यासक मोशे ग्रीनबर्ग यांनी 1959 मध्ये मांडलेले मत मजकुराशी अधिक जुळते.

शरणपुरांच्या उगमाविषयी एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन बायबल-अभ्यासक यूलिउस वेलहाउझेन यांनी असे मांडले की, मुळात प्रत्येक स्थानिक वेदी हेच आश्रयस्थान होते. यहूदाच्या योशीया राजाने इ.स.पू. सु. 622 मध्ये यरुशलेमबाहेरची पूजास्थाने बंद केली तेव्हा पर्याय म्हणून नगरे पुढे आली. आणि गणना या ग्रंथातील तपशील त्याहूनही उत्तरकालीन आहे. वेदीचा आश्रय होता, हे निर्विवाद आहे. राजा शलमोनाचा सिंहासनासाठीचा प्रतिस्पर्धी भाऊ अदोनीया याने वेदीची शिंगे (कोपऱ्यांवरचे उंचवटे) धरली आणि तूर्त तो वाचला; दावीद राजाचा सेनापती यवाब यानेही ती धरली, पण शलमोनाच्या हुकमावरून तो तेथेच मारला गेला. अडचण आहे ती नगरांच्या यादीची. योशीयाच्या काळी यार्देनपलीकडचा मुलूख इस्राएलच्या हाती नव्हता, गिलाद इ.स.पू. 733–732 च्या सुमारास अश्शूर साम्राज्याकडे गेला होता. बेसेर तर त्याआधीच शेजारच्या मवाब राज्याकडे होते, असे मवाबचा राजा मेशा याच्या इ.स.पू. सु. 840 च्या शिलालेखावरून दिसते. हाताबाहेर गेलेली गावे नव्या कायद्यात कोण घालील? या कारणाने पुरातत्त्वज्ञ विल्यम ऑलब्राइट आदींनी यादी दावीद-शलमोनाच्या काळात, इ.स.पू. दहाव्या शतकात ठेवली. यावरही आक्षेप आहे: लेवी नगरांच्या अनेक स्थळांवर दहाव्या शतकातील वस्तीच्या खुणा क्षीण असून आठव्या शतकातील अधिक आहेत. काही अभ्यासक यादीला निव्वळ आदर्श आराखडा मानतात. वेदी आणि नगर या एकामागून एक आलेल्या पायऱ्या न मानता शेजारी नांदणाऱ्या व्यवस्था मानणे बहुधा सयुक्तिक ठरेल. वेदीपाशी तात्पुरता जीव वाचवता येतो, वर्षानुवर्षे राहता येत नाही. यहोशवा 20:4–6 मधील बराचसा मजकूर ग्रीक भाषांतराच्या व्हॅटिकन हस्तलिखितात नाही, त्यामुळे वेशीतील हकिगतीचा तपशील मागाहून जोडला गेला असण्याची शक्यता आहे.

प्रत्यक्ष वापराचे पुरावे तुटपुंजे आहेत. कोणी शरणपुरात पळाल्याची एकही कथा जुन्या करारात नाही. उलट हेब्रोनच्याच वेशीत यवाबाने भावाच्या सूडापोटी शौल राजाचा सेनापती अबनेर याला भोसकले. निवेदक नगराच्या या दर्जाचा उल्लेखही करत नाही. तकोवा गावची एक स्त्री, भावाला मारलेल्या आपल्या मुलाला वाचवण्याची विनंती घेऊन, थेट दावीद राजाकडे जाते. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथात (6:8–9) गिलाद व शखेमच्या वाटेवरील रक्तपाताची निर्भर्त्सना आहे. तिचा रोख शरणपुरांकडे असावा, असे काहींना वाटते. स्थळांपैकी शखेम (तेल बलाता), हेब्रोन व केदेश निश्चित मानली जातात. पूर्वेकडच्या तिन्हींबाबत मतभेद आहेत.

इ.स. सु. 200 मधील मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या ‘मक्कोत’ या प्रकरणात नियमांचा कीस काढलेला आहे. पाते दांड्यातून निसटले तर शरणपुरात पाठवायचे की तोडल्या जाणाऱ्या लाकडाची ढलपी उडाली तर, यावर रब्बी यहूदा हा-नासी व इतर पंडित यांची मते नेमकी उलटी आहेत. आश्रिताने याजकाच्या मृत्यूसाठी प्रार्थना करू नये म्हणून याजकांच्या माता त्याला अन्नवस्त्र पुरवत, असेही तेथे म्हटले आहे. गावकऱ्यांनी सन्मान देऊ केल्यास आश्रिताने ‘मी मनुष्यवध केलेला आहे’ असे सांगावे. तरीही त्यांनी आग्रह धरला तर सन्मान स्वीकारावा. चौकाचौकांत दिशादर्शक खुणा असत, हा तपशील तालमुदातील (मिश्नावरील पुढच्या यहुदी चर्चाग्रंथातील) आहे.

ख्रिस्ती परंपरेत नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ (6:18) मधील आश्रयाच्या उल्लेखाचा शरणपुरांशी संबंध जोडण्यात आला आणि मुख्य याजकाचा मृत्यू ख्रिस्ताच्या मृत्यूचे पूर्वचिन्ह मानला गेला. मध्ययुगीन यूरोपात चर्चमध्ये मिळणाऱ्या आश्रयाच्या समर्थनार्थही हे उतारे पुढे करत. पण तो आश्रय खऱ्या गुन्हेगारांनाही मिळे, हा फरक मोठा आहे. इंग्लंडमध्ये तो 1623–24 च्या कायद्याने संपुष्टात आला.