सामूहिक वनहक्क

गावाच्या पारंपरिक हद्दीतले जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्यावर जगण्याचा ग्रामसभेचा कायदेशीर हक्क. वनहक्क कायदा, २००६ ने तो मान्य केला. कायदा ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला. जमीन सुधारणा म्हटले की आपल्याकडे कूळकायदा आणि कमाल जमीनधारणा कायदा आठवतो. दोन्ही गरजेचे होतेच. पण त्यांच्या लेखी जमीन म्हणजे कसायचे क्षेत्र. त्या शेताला पाणी धरून देणारे, गुरांना चारा आणि चुलीला सरपण पुरवणारे जंगल त्या हिशेबात आलेच नाही.

पूर्व विदर्भात हे फार स्पष्ट दिसते. १९५१ साली तेव्हाच्या मध्य प्रदेशातल्या चांदा जिल्ह्यात (आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली) मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालकांची पद्धत, आणि जमीनदारी संपली. रयत मोकळी झाली, हे मोठे काम. मात्र मालगुजार-जमीनदारांकडची जंगले सरकारजमा झाली. सरपण, चराई, घरासाठी लाकूड-बांबू हे गावाचे निस्तार हक्क कागदावर राहिले, व्यवहारात वनखात्याच्या परवानगीवर आले. पुढे बांबू कागद गिरणीला ठेक्याने गेला आणि जंगलाच्या मधोमध राहणाऱ्यांना कुडासाठी तो मिळवायची मारामार झाली.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सुमारे शंभर घरांचे गोंड गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. गावातले नेते देवाजी तोफा आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अभ्यासगट चालवले, निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायची रीत पाडली. २००९ मध्ये त्याला सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. तरी कापलेला बांबू बाहेर न्यायला वाहतूक परवाना लागे आणि तो वनखात्याच्या हाती होता. कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला गोळा करून विकता येणारा जंगलातला माल, ठरवले असूनही हा पेच सुटेना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना-पुस्तिका ग्रामसभेकडे सोपवली.

बांबू टिकवायचा तर तोडणीची शिस्त लागते. पावसाळ्यात तोड बंद. त्या वर्षी फुटलेल्या कोवळ्या काठीला हात लावायचा नाही, तिला आधार म्हणून बेटात काही जुन्या काठ्या ठेवायच्या. काठी जमिनीलगतच्या पेराच्या वर कापायची आणि कंद उकरायचा नाही. वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी सगळ्यांनाच आवडते, पण सगळेच वास्ते खुडले तर बेट वाढणार कसे? पुढच्या हंगामाचे पैसे आपल्यालाच मिळणार असतील तर हे नियम पाळायला राखणदार लागत नाही. ठेकेदाराला मात्र त्या बेटाच्या पुढच्या वर्षाशी देणेघेणे नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचा निर्णय याहून धाडसी आहे. २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरांवर हक्क मिळाल्यावर या ग्रामसभेने विड्यांसाठी लागणारी तेंदूपाने तोडणेच थांबवले. उन्हाळ्यात हातात रोकड देणारे याहून मोठे काम या भागात क्वचितच असते. पण चांगली पाने फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, वणवे लावतात आणि जंगल होरपळते. गावाने ते उत्पन्न सोडले, बांबूवर भर दिला आणि जंगलाचा काही भाग कोणत्याही तोडीविना राखून ठेवला. वरून आदेश काढून हे झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

दावा गावातूनच सुरू होतो. वनहक्क समिती जाणत्या म्हाताऱ्यांना घेऊन गावाची शीव फिरते. देवस्थाने, मसणवट, जुने पाणवठे नोंदवते, निस्तारपत्रकासारखे (गावाच्या निस्तार हक्कांची जुनी सरकारी नोंद) पुरावे जोडते. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय आणि मग जिल्हा समितीकडे जातो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात, त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया. याच कायद्याने कुटुंबाला मिळणारा वैयक्तिक वनहक्काचा पट्टा, म्हणजे हक्कपत्र, विकता येत नाही, त्याचे क्षेत्र ४ हेक्टरांहून अधिक नसते आणि तो पती-पत्नी दोघांच्या नावे होतो.

सामूहिक हक्कांत गडचिरोली राज्यात आघाडीवर आहे. खरी अडचण सामूहिक हक्काचा पट्टा मिळाल्यानंतर सुरू होते. ग्रामसभेने आपला व्यवस्थापन आराखडा करावा आणि तो वनखात्याच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे जंगलाच्या तोडीच्या आणि जोपासनेच्या आराखड्याशी, जोडला जावा, असे नियम सांगतात. पण आराखडा करायला लागणारी मोजणी, झाडांची गणना आणि निधी लहान गावांकडे नसतो. आराखडा नसला की खात्याची जुनीच आयोजना चालू राहते आणि गावाच्या हक्काच्या जंगलात कूप (तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) कधी तोडायचे हे परत बाहेरूनच ठरते.