पार्श्वभूमी : माडीवर गाणाऱ्या आज्या आणि १९०३ चा नियम

नव्वदी गाठून गेलेल्या आई-आज्यांच्या आठवणी वसईपासून वांद्र्यापर्यंतच्या ख्रिस्ती घरांत हल्ली आवर्जून लिहिल्या जातात. महिन्याच्या मिस्सेला (मृत्यूनंतर महिन्याने होणाऱ्या स्मरणाच्या उपासनेला) वाटलेल्या चार पानी पुस्तिकेत किंवा नातवाने लिहिलेल्या मजकुरात एक वाक्य बहुतेक वेळा असतेच : 'आई शाळेत होती तेव्हापासून क्वायरमध्ये गायची.' वाक्य खरे असते. पण १९३० च्या सुमारास जन्मलेली मुलगी शाळेत असताना देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, क्वायरमध्ये (गायकवृंदात) बसली असेल, तर चर्चच्या लेखी नियमानुसार तिला तिथे जागाच नव्हती. ती गात होती, तिच्या मावश्याही गात होत्या, आणि फादरांना ते ऐकू येत होते. हे कसे जमले, हे समजून घ्यायचे तर एका कागदापाशी जरा जास्त थांबावे लागते.

त्याआधीचा काळ थोडक्यात. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई घेतली आणि १७३९ मध्ये ती मराठ्यांकडे गेली. या दोनशे वर्षांत देवळातले गाणे लॅटिन राहिले आणि देवळाबाहेरचे मराठी, कोंकणी. ओवीत रचलेले फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले खरे, पण मिस्सेची भाषा त्याने बदलली नाही. गोव्यात देवळाला जोडलेल्या शाळांतून व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवले जाई, ते मुख्यतः मुलग्यांना. पुढे मुंबईच्या बँडांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत जे गोवेकर वादक भरले, त्यांतल्या अनेकांची पहिली तालीम तिथलीच. मुलींच्या वाट्याला घरचे गाणे आले : संध्याकाळची जपमाळ, मे महिन्यात रस्त्याकडेच्या क्रुसापुढची प्रार्थना, लग्नातली उंबराच्या पाण्याची गाणी. या गाण्यांना परवानगी लागत नव्हती.

आता तो कागद. २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पोप दहावे पायस यांनी देवळातल्या संगीताविषयी एक आदेश काढला. युरोपातल्या देवळांत तेव्हा ऑपेरा थाटाचे गायन बोकाळले होते आणि ते थोपवणे हा मूळ हेतू होता. ग्रेगोरियन गायन (वाद्यांविना एका सुरात म्हणायचे जुने लॅटिन गायन) पुन्हा केंद्रस्थानी आणावे, असे त्यात म्हटले आहे. इथपर्यंत तक्रार करण्यासारखे काही नाही. पण त्याच कागदात आणखीही कलमे आहेत. पियानो देवळात वाजवायचा नाही. ढोल, झांजा यांसारखी गोंगाटी वाद्ये नकोत. बँडला देवळात सक्त मनाई, मिरवणुकीत मात्र बिशपांच्या परवानगीने चालेल. मोठ्या मिस्सेत लोकभाषेतले काहीही गायचे नाही. आणि तेरावे कलम : क्वायरमधले गायक एक उपासनाविषयक पद सांभाळतात, स्त्रिया असे पद धारण करण्यास अपात्र आहेत, म्हणून त्यांना क्वायरमध्ये घेता येणार नाही. उंच पट्टीचे स्वर हवे असतील तर मुलगे घ्यावेत, ही तर चर्चची जुनीच रीत आहे.

२२ नोव्हेंबर हा संत सिसिलियेचा सण. संगीताची आश्रयदाती संत म्हणून जिची प्रार्थना करतात, ती सिसिलिया. तिच्याच सणाची तारीख असलेल्या आदेशात बायकांना क्वायरसाठी अपात्र ठरवले गेले आणि त्यात कुणाला काही वावगे वाटल्याचे दिसत नाही.

आदेशाचे समर्थक एक मुद्दा सांगतात आणि तो नोंदवला पाहिजे. बंदी क्वायरमध्ये बसण्यावर होती, गाण्यावर नव्हती. बाकावर बसून सर्व लोकांबरोबर बाईने गावे, याला हरकत नव्हती. पुढच्या काही वर्षांत रोमकडून तसे खुलासेही आले आणि १९२८ मध्ये सर्व भाविकांनी गायला हवे, असा आग्रह धरणारा नवा कागद निघाला. नियमाच्या भाषेत हा फरक मोठा आहे. गावातल्या देवळात तो किती उरत असेल, याचा अंदाज ज्याने पहाटेची मिस्सा पाहिली आहे त्याला करता येईल. मुलगे शेतावर, वाडीत किंवा मुंबईच्या नोकरीवर जात. तालमीला नेमाने येणाऱ्या कोण, तर सिस्टरांच्या शाळेत शिकलेल्या मुली. लॅटिन शब्दांचा अर्थ न कळताही 'तांतुम एर्गो' आणि 'साल्वे रेजिना' पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत पाठ असलेल्याही त्याच. त्या माडीवर, म्हणजे देवळातल्या क्वायरच्या वरच्या सज्ज्यात, बसल्या तर क्वायर, खाली बसल्या तर भाविक. आवाज तोच आणि गाणेही तेच. वसईतल्या वाडीवाल्या कुटुंबांत तर शेवंती-अबोली तोडून, केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या मुंबईकडे रवाना करून मग तालमीला जाणाऱ्या बायका होत्या. त्यांना 'पदास अपात्र' म्हणणारे कलम कुणी वाचून दाखवले असेल, असे वाटत नाही.

पेटीचे प्रकरणही असेच. आदेशाला प्रिय होता तो पाइप ऑर्गन. मुंबईतल्या मोजक्या देवळांना तो परवडला. बाकीच्यांनी पायपेटीवर आणि नंतर हातपेटीवर भागवले. मजा अशी, की १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने हार्मोनियमला दारे बंद केली होती, कारण ती पुरेशी भारतीय नाही. देवळात काहींना ती पुरेशी पवित्र वाटत नव्हती. दोन्हीकडून नाकारलेले हे वाद्य घराघरांत मुलींच्या हाती आले आणि लग्न होऊन सासरी गेलेली बाई तिथल्या देवळात पेटीवर बसू लागली.

नियम सैल झाला तो नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १९५५ ला. तेव्हाच्या पोपांनी लिहिले, की जिथे मुलग्यांचे क्वायर जमत नाही तिथे स्त्रीपुरुषांचे किंवा मुलींचे क्वायर चालेल. अटी होत्या : वेदीच्या कठड्याबाहेर बसायचे, स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळे, आणि अशोभनीय काही घडता कामा नये. १९३० ची मुलगी तेव्हा पंचवीस वर्षांची, बहुधा दोन लेकरांची आई. तिच्या दृष्टीने त्या दिवशी काहीच बदलले नसावे. ती आधीच गात होती.

खरा बदल आला तो भाषेतून. ४ डिसेंबर १९६३ रोजी व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) उपासनेविषयीचा दस्तऐवज २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर केला. लोकभाषेला वाट मिळाली आणि मिशनच्या देशांतल्या संगीतपरंपरांचा मान राखावा, असेही त्यात आले. पुढच्याच वर्षी पोप सहावे पॉल जागतिक धर्ममेळ्यासाठी मुंबईत येऊन गेले. १९६५ पासून मिस्सेचे भाग मराठीत होऊ लागले आणि १९६९ च्या नव्या मिस्साविधीनंतर लॅटिन जवळपास उरलेच नाही. वीस-पंचवीस वर्षे एक भांडार पाठ करून ठेवलेल्या बाईला चाळिशीत सगळे नव्याने शिकावे लागले. मराठी गीते लिहिली गेली, त्यांना भावगीताच्या, भजनाच्या वळणाच्या चाली लागल्या, पेटीला तबल्याची जोड मिळाली. १९६९ मध्येच आरती, उदबत्ती, समई, मांडी घालून बसणे अशा बारा गोष्टींना भारतापुरती रोमची मंजुरी मिळाली, आणि देवळाचे मंदिर करताय का, असा वाद पेटला. वाद घालणारे बहुतेक पुरुष होते. ते सभेत बोलत होते तेव्हा नव्या चाली बसवण्याचे काम माडीवर चालू होते. मराठी मिस्सेचे श्रेय देताना परिषदेचे आणि फादरांचे नाव येते, तालमी घेणाऱ्या या बायकांचे येत नाही, ही गोष्ट मला तरी अन्यायाची वाटते.

अंत्यविधीतही फरक पडला. 'दिएस इरे' हे न्यायाच्या दिवसाचे भय घालणारे जुने लॅटिन गाणे नव्या विधीतून वगळले गेले आणि पुनरुत्थानाच्या आशेची गीते आली. आज एखाद्या नव्वदीच्या आजीच्या मिस्सेला 'तिच्या आवडीचे लॅटिन' म्हणायची कुटुंबाची इच्छा असते, तेव्हा ते म्हणणारी शेवटची बाई तीच होती, असे अनेकदा ध्यानात येते. २००७ मध्ये जुन्या लॅटिन मिस्सेला मोकळीक मिळाली, २०२१ मध्ये ती पुन्हा आवळली गेली. हा झगडा मुख्यतः तरुण लॅटिनप्रेमींचा. लॅटिन जगलेल्या आज्या त्यात फारशा दिसल्या नाहीत.

क्वायरचा प्रश्न कागदावर मिटला तो ५ मार्च १९६७ ला. त्या दिवशीच्या सूचनेत केवळ स्त्रियांच्या क्वायरलाही मान्यता आली, तरी क्वायरमध्ये बाई असली तर ते वेदीच्या आवाराबाहेर बसेल, ही अट तशीच राहिली. वेदीजवळ सेवा करायला मुलींना १९९४ मध्ये परवानगी मिळाली, तीही बिशपांच्या मर्जीवर. १९०३ च्या कलमामागचा मूळ विचार म्हणजे उपासनेतले पद बाईला धारण करता येत नाही हा. वाचक आणि वेदीसेवक या पदांपुरता तो चर्चच्या कायद्यातून निघाला १० जानेवारी २०२१ रोजी. ज्यांची आठवण आज लिहिली जाते आहे, त्यांतल्या ज्या तेव्हा हयात होत्या त्या नव्वदीला टेकल्या होत्या, आणि देवळात वाचन तर त्या कित्येक वर्षे करतच होत्या.