हिरव्या ठिपक्यांच्या आधी आणि नंतर

११ जानेवारी २००६ रोजी अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या वर्तमानपत्रात शहराचा एक नकाशा छापून आला. त्यावर मोठे हिरवे ठिपके होते. कतरिना वादळात बांध फुटून सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेलं, त्याला जेमतेम साडेचार महिने झाले होते आणि असंख्य कुटुंबं अजून परगावीच होती. ठिपक्यांचा अर्थ सरळ होता: इथे पुढे उद्यानं आणि मोकळ्या जागा होऊ शकतात.

सखल भागात पाण्याला जागा सोडावी, ही सूचना मुळात चुकीची नव्हती. पण ज्यांच्या घरावर ठिपका पडला त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. ब्रॉडमूर वस्तीतले लोक पेटून उठले. त्यांनी बैठका घेतल्या, समित्या नेमल्या आणि त्याच वर्षी वस्तीचा आराखडा स्वतः तयार केला. हवामानाला तोंड देणारं शहर घडवताना न्याय कुठे निसटतो, हे मला या ठिपक्यांइतकं दुसऱ्या कशातूनच कळलं नाही.

हा झगडा जुनाच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नागरी नूतनीकरणाच्या नावाखाली गरीब आणि कृष्णवर्णीय वस्त्यांवर बुलडोझर फिरले. त्यातून उठलेल्या असंतोषाच्या काळात, १९६९ मध्ये, तिथल्याच धोरण-अभ्यासक शेरी अर्नस्टीन यांनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. सर्वांत खाली लोकांची दिशाभूल, सर्वांत वर लोकांच्या हाती कारभार. माहिती देणं, मत विचारणं या मधल्या पायऱ्या. त्यांना अर्नस्टीन निव्वळ देखावा म्हणत. आराखडा तयार झाल्यावर हरकती-सूचना मागवण्याचा सोपस्कार आजही बहुतेक वेळा याच पायऱ्यांवर अडकलेला दिसतो.

लोकांनी भविष्याची कल्पना करावी, हा विचार युरोपात लेखक-पत्रकार रॉबर्ट युंक यांनी रुजवला. त्यांच्या ‘भविष्य कार्यशाळे’त आधी तक्रारी मोकळेपणाने मांडायच्या, मग ‘हे शक्य नाही’ असं कुणालाही म्हणू न देता स्वप्नं रंगवायची आणि शेवटी त्यातलं काय प्रत्यक्षात आणता येईल ते ठरवायचं. मला यातला क्रम मोलाचा वाटतो. खर्चाचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला, की ज्यांना बोलायची सवय नाही ते गप्प बसतात.

ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये पुढचं पाऊल टाकलं आणि अंदाजपत्रकातला निधी कुठे खर्चायचा हे लोकांच्या सभांवर सोपवलं. गरीब वस्त्यांतलं पाणी आणि सांडपाण्याची कामं यादीत वर आली.

हवामान बदलाने या साऱ्याला वेगळी निकड आणली. गटाराचा व्यास, पुराची रेषा, पुलाची उंची, सगळं जुन्या पावसाच्या नोंदींवर ठरायचं. त्या नोंदींचा भरवसा आता उरलेला नाही. पाणी आधी कुठल्या गल्लीत चढतं आणि किती तास थांबतं, हे तिथल्या रहिवाशांना पाठ असतं. आयपीसीसी या हवामान बदलाचा आढावा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या २०२२ च्या अहवालानेही स्थानिक ज्ञान आणि वंचितांचा सहभाग यांवर भर दिला. चुकीच्या उपायांनी विषमता वाढते, असा इशाराही दिला.

पोर्तो अलेग्रेतल्या त्या सभांचा जोर पुढे ओसरत गेला. मे २०२४ मध्ये शहरालगतच्या ग्वाइबा नदीच्या पाण्याने १९४१ च्या पुराचा विक्रम मोडला, पाणी उपसणारे अनेक पंप बंद पडले आणि शहराचा मोठा भाग बुडाला. त्यानंतर तिथे पुन्हा नकाशे काढले जाऊ लागले.